दुसरा खटका

धाकट्या भावाच्या एका पत्राचं उत्तर मी चार वर्षं दिलं नव्हतं. पत्र म्हणजे एकच कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, आणि त्यातली एकच बाजू मी वाचली होती. ज्याने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा ज्याने कधी सोडलं नाही, त्याने सख्ख्या भावाचं पत्र अर्धवट सोडावं हे मला स्वतःलाच पटण्यासारखं नव्हतं. पण ते तसं होतं. पहिली बाजू मला तोंडपाठ होती. ‘दादा, माझं ऐकणं आता जवळजवळ गेलंच, म्हणून फोन नाही, पत्र. घरातले मोबाईलवर लिही म्हणतात, पण हे तसं विचारण्यासारखं नाही. बाबांचा रेडिओ बंद पडला, त्या दिवशी त्याचं मागचं झाकण तू उघडलं होतंस का? मार खाल्ला त्याचं काही नाही, तो रोजचाच होता. पण बाबा इतक्या खात्रीने बोलले की मलाही वाटायला लागलं, उघडलं असेल आपण आणि विसरलो असू. तेव्हापासून मी स्वतःच्या डोक्यावर कधी पुरता भरवसा ठेवला नाही रे. दुकान बंद केलं की दहादा परत जाऊन कुलूप ओढून बघायचो. तेवढं एक सांग. राग’. इथे पान संपलं होतं. पुढे ‘नाही’ असेल, ‘येतो’ असेल, ‘कसा गिळू’ असेल. मी कागद उलटला नाही. छापखान्यात शिशाच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचायची सवय झालेली, त्यामुळे कागद नुसता उजेडात धरला असता तरी मागचं आरपार वाचता आलं असतं. म्हणून मी तो उजेडातही धरला नाही. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवला आणि तो खंड सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथे हात पोचायला स्टूल लागतं. त्यानंतर बऱ्याच शब्दांचे अर्थ मी अंदाजानेच चालवले.

उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. अकरा वेळा बसलो. पण माझ्या हाताला लिहिण्यापेक्षा खोडण्याची सवय जास्त. ‘होय’ असं लिहिलं की ते फार उघडं वाटायचं, म्हणून त्याच्याआधी एक वाक्य घालायचो. ते वाक्य सबब वाटायचं, म्हणून तेही खोडायचो. शेवटी कागदावर तारीख आणि ‘चिरंजीव’ एवढंच उरायचं. मग मला वाटू लागलं की नुसतं ‘होय’ लिहिण्याचाही मला हक्क नाही. ज्याचं सगळं आयुष्य वस्तू उघडण्यात आणि परत जोडण्यात गेलं, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की मी एकदाच एक वस्तू उघडली, ती बिघडवली आणि पुस्तकामागे तोंड लपवलं. निदान एक तरी वस्तू या हातांनी जोडून चालती केली पाहिजे, मग लिहू. हा विचार शहाणपणाचा होता असं मी म्हणत नाही. भित्र्या माणसाला अटी घालायला आवडतात, त्यातलाच तो प्रकार असावा.

संगणक जोडायला घेतला तो एवढ्यासाठी, आणि हे मी कुणालाही सांगितलं नाही. घरात सांगितलं की जुना फार संथ झालाय आणि मला शब्दांच्या याद्या करायच्यात. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, तयार मिळतो, खोक्यातून काढायचा आणि लावायचा. मी म्हणालो, सुटे भाग आणून जोडणार. त्यावर त्याने माझी तब्येत विचारली; वडील म्हातारे झाल्याचं मुलांना अशा वेळी एकदम जाणवत असावं. बायको मात्र म्हणाली, जोडा, बोटाबिटाला लागलं तर मी आहेच. ती तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती आणि अजूनही घरातल्या प्रत्येक कामाकडे त्यात कुणाला टाके पडतील या हिशोबाने बघते. भाग आणले. दुकानदाराने एकेक खोकं पुढ्यात ठेवत नावं सांगितली, मी मान हलवली. पुढचे पंधरा दिवस मी फक्त वाचत होतो. बोर्डाबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेला मी कव्हर घातलं. तीत तीन चुका सापडल्या, त्या लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या. वेगवेगळ्या स्क्रूंसाठी सात बशा मांडल्या आणि प्रत्येकीत चिठ्ठी ठेवली. सातव्या बशीतल्या चिठ्ठीवर ‘अनावश्यक’ असं लिहिलं होतं. मग चार दिवस जोडणी. कुठल्याही भागाला मी जुन्या पुस्तकाच्या पानाला लावावा तसाच हात लावला.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी बटण दाबलं. पंखे फिरले. आत कुठेतरी हिरवा ठिपका लागला, गार वारा हातावर आला, आणि क्षणभर माझ्या छातीत काहीतरी उंच उडालं. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी अक्षरं आली, थोडा वेळ थांबली आणि गेली. मग नुसता काळा पडदा, त्यात माझाच चेहरा, चष्म्यासकट. पंखे फिरतच होते. मी बटण बंद करून परत लावलं. पुन्हा तेच. यंत्र मेलेलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. मेलेल्या वस्तूला निदान तोंड नसतं. हे जिवंत होतं, श्वास घेत होतं, फक्त माझ्याशी बोलत नव्हतं.

हे मी आधी पाहिलं होतं. मी पुन्हा तेरा वर्षांचा झालो. बाबांच्या रेडिओला पुढे काचेची पट्टी होती, तिच्यामागे दिवा. बटण फिरवलं की आधी पट्टी पिवळी व्हायची, मग आत काचेचे व्हॉल्व्ह तापायला लागायचे, आणि मग खोल विहिरीतून वर यावा तसा आवाज यायचा. त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. मी वाचनालयातून एक पुस्तक आणलं होतं, त्यात रेडिओच्या आतलं चित्र होतं, आणि मला फक्त एवढंच बघायचं होतं की चित्र बरोबर आहे का. आज हसू येतं. मूळ प्रत आणि छापील प्रत ताडून बघायचा माझा धंदा तेव्हाच सुरू झाला होता. मागचं झाकण काढलं. चित्र जवळजवळ बरोबर होतं. एक व्हॉल्व्ह रुमालात धरून हळूच वर ओढला, त्याच्या खालचे पाय मोजले, पुस्तकातल्याइतकेच भरले. मग परत बसवायला गेलो तेव्हा तो थोडा आत गेला आणि अडला. काच. मनात काच एवढाच शब्द होता. मी दाब दिला नाही. दिसायला तो इतर व्हॉल्व्हांसारखाच उभा होता. झाकण लावलं, पुस्तक घेऊन खिडकीत बसलो.

संध्याकाळी बाबांनी बटण फिरवलं. पट्टी पिवळी झाली. आम्ही सगळे आवाजाची वाट बघत होतो, आणि आवाज आला नाही. बाबांनी वर पाहिलं ते थेट धाकट्याकडे. त्याच्या खिशात कायम स्क्रू असायचे, घरातलं घड्याळ त्याने दोनदा उघडलं होतं. तो नऊ वर्षांचा होता. पुन्हा हात घातलास, असं बाबा म्हणाले. तो नाही म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो नुसता रेडिओकडे बघत राहिला, जणू त्यालाच विचारत होता. मी पुस्तक चेहऱ्यापुढे उभं धरलं होतं आणि एकच ओळ वाचत होतो. मग बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “याच्याकडे बघ. याने कधी पुस्तकाबाहेर हात घातलेला पाहिलास?” मार मला ऐकू आला तो पुस्तकाच्या पलीकडून. रेडिओ गावातल्या मिस्त्रींकडे गेला, आठ दिवसांनी गात परत आला. दोन वर्षांनी, धाकटा शाळेत मागे पडायला लागला तेव्हा, बाबांनी त्याला त्याच मिस्त्रींच्या दुकानात बसवलं. मोडायची एवढी हौस आहे तर जोडायला शीक, म्हणाले. मी शिकत राहिलो आणि छापखान्यात लागलो. त्याचं दुकान पुढे चांगलं चाललं, लोक लांबून रेडिओ घेऊन यायचे, मला त्याचा अभिमान वाटायचा. आणि तो अभिमान वाटण्याचाही मला हक्क नव्हता.

पंखे चालूच होते. मी दुकानदाराला फोन केला. तो चांगला माणूस, घाईत असतो. आधी म्हणाला पडद्याची वायर बघा, मग म्हणाला ती कुठल्या खाचेत आहे ते बघा, मग जुना पडदा लावून बघा म्हणाला. मी सगळं बघितलं. काही फरक नाही. शेवटी तो म्हणाला, “काका, डोकं लावू नका, घेऊन या. दहा मिनिटांत करून देतो.” त्याचं बरोबर होतं. दहा मिनिटांत ते झालंही असतं, आणि मला रिक्षात मांडीवर कॅबिनेट घेऊन घरी परत येता आलं असतं, आणि ते त्याचं झालं असतं. रेडिओही मिस्त्रींनीच परत आणला होता. मी म्हणालो, आज राहू द्या, मीच बघतो. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की कुणी मदत देऊ केली असताना मी नाही म्हणालो, असं आयुष्यात फारच थोड्या वेळा झालं असेल.

मग मी मला येतं तेच करायचं ठरवलं. मुद्रितं तपासताना जे पान पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून गेलेलं असतं, पाठ झालेलं असतं, ते सरळ वाचून चूक सापडत नाही. मन पुढे धावतं आणि जे असायला हवं तेच दाखवतं. अशा वेळी आम्ही उलटं वाचायचो. पानाच्या शेवटच्या शब्दापासून सुरुवात, एकेक शब्द मागे. अर्थ मोडून टाकायचा. अर्थ गेला की अक्षर दिसतं. खिळे जुळवणारा आमच्या छापखान्यातला सगळ्यात जुना जुळारी म्हणायचा की तुम्हा लोकांचं वाचणं म्हणजे विणलेला स्वेटर उसवणं. तसंच मी उसवायला घेतलं. प्लग काढला. सगळ्यात शेवटी जे जोडलं होतं ते सगळ्यात आधी काढलं. डिस्क काढली, चालू करून पाहिलं: काळं. पुढचा पंखा काढला: काळं. एकेक वायर, दर वेळी प्लग काढून, दर वेळी परत लावून, वहीत नोंद करून. साडेबारापर्यंत कॅबिनेट रिकामं झालं आणि बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर टेबलावर उघडा पडला. त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा, मेमरीच्या दोन पट्ट्या आणि वीज देणारी पेटी, बस. बटणाची वायर ओढून तिथपर्यंत आणली. चालू केलं. पंखा फिरला. पडदा काळा.

इतकं थोडं उरलं की संशय घ्यायलाही जागा राहत नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट झालं. आता चूक सापडली नाही तर ती माझ्यात आहे असंच ठरणार होतं. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि बोर्डावरच्या बारीक सोनेरी रेघा चमकत होत्या, एखाद्या शहराच्या नकाशासारख्या. आणि मला वाटलं, यातल्या कुठल्या तरी गल्लीत एक घर अंधारात आहे आणि मला पत्ता ठाऊक नाही.

बायको चहा घेऊन आली. चहा ठेवायला टेबलावर जागा नव्हती, म्हणून तिने एक बशी उचलली, ती सातवी होती. त्यातली काळी, वाटाण्याएवढी डबी बोटांत धरून तिने विचारलं की हे कशाचं बटण. मी म्हणालो, कसलंच नाही, जास्तीचं आलंय. ती म्हणाली, “वायर आहे की याला. जास्तीच्या वस्तूला कुणी वायर लावत नाही.” मी पुस्तिका उघडली. ती, पडदा चालू नसतानाही यंत्राला बोलता यावं म्हणून दिलेली शिट्टी होती. पान एकतीसवर तिच्या वेगवेगळ्या आवाजांचे अर्थ दिले होते. ते पान मी वाचलं होतं. तिथली एक चूक लाल पेन्सिलीने दुरुस्तही केली होती. आणि यंत्राचं तोंड मी ‘अनावश्यक’ म्हणून बशीत टाकलं होतं.

शिट्टी जागेवर लावली आणि बटण दाबलं. एक लांब, केविलवाणी शिट्टी वाजली, थांबली, पुन्हा वाजली, पुन्हा. बायको दोन पावलं मागे सरकली. मी मात्र खुर्चीत ताठ झालो. चार दिवसांत पहिल्यांदाच ते माझ्याशी बोललं होतं. पान एकतीस: लांब शिट्टी, पुन्हा पुन्हा, म्हणजे मेमरीची पट्टी सापडत नाही. मी प्लग काढला, दोन्ही पट्ट्या काढून बाजूला ठेवल्या आणि मुद्दाम तसंच चालू केलं. तीच शिट्टी. अगदी तीच. पट्ट्या असल्या काय आणि नसल्या काय, त्याची तक्रार एकच. म्हणजे बाकी सगळं शाबूत होतं; तक्रार करायला जीव लागतो. मी तिथे बसवलेलं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, एवढंच.

मी एक पट्टी उचलली. कडेने धरली, खाच जुळवली, हळूच खाली टेकवली, आणि दोन अंगठ्यांनी थोडंसं, अगदी थोडंसं दाबलं. एका टोकाला खट् झालं. मी हात काढून घेतला. चालू केलं. लांब शिट्टी.

बायको चहा घेत बघत होती. ती म्हणाली, “अहो, तुम्ही ती बसवताय की झोपवताय?”

मी म्हणालो, तुटेल. नाजूक असतं. ती म्हणाली की दवाखान्यात नवीन आलेल्या मुली असंच करायच्या. इंजेक्शन देताना घाबरून सुई अर्धी टोचायच्या आणि थांबायच्या. त्यांना वाटायचं आपण दया करतोय, आणि रोगी बोंबलायचा. “घाबरत टोचलेली सुई जास्त दुखते. टोचायची तर पूर्ण टोचायची, नाहीतर हातात धरायची नाही. तिकडच्या टोकाला आवाज झाला का?”

मी वाकून पाहिलं. पट्टीच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या खुंट्या होत्या. एक उभी राहून पट्टीला धरून होती. दुसरी अजून बाहेर झुकलेली होती, केसभर. भिंग आणलं, माझं छापखान्यातलं, आणि त्याखाली पाहिलं: त्या टोकाला पट्टी आत गेलेली नव्हती, नुसती टेकली होती. पान सतरावर स्पष्ट लिहिलं होतं, दोन्ही बाजूंनी खटका होईपर्यंत दाबा. मी वाचलं होतं. वाचलं होतं आणि पहिला खटका ऐकल्यावर सुटलो म्हणून हात काढून घेतला होता, दोन्ही पट्ट्यांच्या वेळी, चार दिवसांपूर्वीही आणि आत्ताही. जिथे अडलं तिथे मी दाबलं नाही. दिसायला ती बसली होती. दिसायला ती अगदी…

त्या क्षणी मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. बोटांना रुमाल जाणवला. रुमालातून कोमट काच. साठ वर्षांपूर्वीचा तो व्हॉल्व्ह, थोडा आत गेलेला आणि अडलेला, आणि माझा हात मागे येताना. पट्टी पिवळी होते, आवाज येत नाही. पंखे फिरतात, पडदा काळा. आजवर मी समजत आलो होतो की मी रेडिओ मोडला. मी काहीच मोडलं नव्हतं. मी फक्त पूर्ण बसवलं नव्हतं. एक अंगठा, एक क्षण, एवढ्याने ती संध्याकाळ वेगळी झाली असती. मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. माझ्या हातांचा नव्हे, त्या मागे येण्याचा.

मी उभा राहिलो. बसून जोर येत नाही. पट्टीच्या बाहेर राहिलेल्या टोकावर अंगठा ठेवला आणि दाबलं. बोर्ड पुठ्ठ्यावर किंचित वाकला. काहीतरी करकरलं. आतून कुणीतरी म्हणालं बस, तुटेल, आणि तो आवाज मला चांगला ओळखीचा होता, जन्मभराचा. मी आणखी दाबलं. खट्. खुंटी आपल्या आपण उभी राहिली. मग दुसरी पट्टी: खट्, आणि न थांबता दुसरा खट्.

बायकोने कप खाली ठेवला. मी बटण दाबलं. पंखा फिरला. एकच आखूड शिट्टी झाली, कुणी हाक मारल्यावर ‘ओ’ द्यावी तशी. आणि काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली, आणि तिच्या मागोमाग अक्षरं आली. ओळी ओळी. पांढरी, धारदार, पहिल्या छापाच्या शाईसारखी. प्रोसेसरचं नाव आलं, मेमरीचा आकडा आला, दोन्ही पट्ट्या मोजलेल्या होत्या. शेवटी यंत्राने तक्रार केली की सुरू होण्यासाठी डिस्क सापडत नाही. डिस्क मीच काढून शेजारी ठेवली होती. इतकी रास्त तक्रार मी आयुष्यात वाचली नव्हती. मी ती दोनदा वाचली, मग सगळा पडदा वरून खाली वाचला, मग सवयीने खालून वर. कुठेही चूक नव्हती.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं,” मी म्हणालो. माझा आवाज इतका मोठा होता की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

मग मी स्टूल ओढलं. ती म्हणाली, आता कुठे चढताय, आणि तरी येऊन स्टूल धरलं. वरच्या फळीवरचा दुसरा खंड धुळीने जड झाला होता. मी तो तिथेच उभ्याने उघडला, कागद काढला आणि उलटला. इतकं सोपं होतं ते. धाकट्याचं अक्षर मागच्या बाजूला जरा मोठं झालं होतं.

‘नाही. राग असता तर इतकी वर्षं थांबलो नसतो. झालं असं की मिस्त्री गेले, त्याच्या आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. बोलता बोलता तुमच्या रेडिओला काहीच झालं नव्हतं म्हणाले. एक व्हॉल्व्ह अर्धवट बसला होता, अंगठ्याने दाबला आणि सुरू. दुकानाची इभ्रत राहावी म्हणून आठ दिवस ठेवून घेतला. आणि म्हणाले, कुणीतरी काढून भीतभीत परत बसवला होता. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. मी कधी काही भीतभीत बसवलंय का दादा? तूच सांग. म्हणून तुझा संशय. पण संशय म्हणजे खात्री नाही, आणि खात्री द्यायला आता तूच उरलास. आणखी एक. तो व्हॉल्व्ह काढताना भले भले फोडतात. मी शिकताना तीन फोडले. तू न फोडता काढलास, तेरा वर्षांचा असताना, चित्र बघून. हात चांगला होता तुझा. वाया घालवलास. उत्तर दे. तुझा धाकटा.’

मी स्टुलावर उभा होतो आणि माझं डोकं छताच्या इतकं जवळ होतं की आयुष्यात कधी मी इतका उंच नव्हतो. हात चांगला होता. हे वाक्य चार वर्षं माझ्याच घरात, माझ्याच फळीवर होतं. बायको खालूनच अक्षर ओळखून म्हणाली, “भाऊजी काय म्हणतायत?” मग मी तिला सगळं सांगितलं, स्टुलावरूनच, रेडिओ, रुमाल, पुस्तक, पुस्तकापलीकडचा मार, सगळं. एकदाही अडखळलो नाही. ती ऐकत राहिली, स्टूल सोडलं नाही. शेवटी म्हणाली की तुम्ही कोश काढायला उठत नाही, गुडघे गेले असतील म्हणून मी तेल आणून ठेवलं होतं. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, “लिहा. टपालाची पेटी पाचला उघडतात.”

मी टेबलाचा एक कोपरा मोकळा केला. पुढ्यात पडदा चालूच ठेवला होता, पांढरी अक्षरं तशीच उभी होती. लिहिलं ते असं: ‘चिरंजीव धाकट्यास. होय. झाकण मी उघडलं होतं. तू हात लावला नव्हतास, तेव्हाही नाही आणि झोपेतही नाही. तुझं डोकं तेव्हा शाबूत होतं आणि आजही आहे, कुलूप एकदाच ओढलंस तरी पुरे. व्हॉल्व्ह अडला तिथे मी दाबला नाही, काच फुटेल म्हणून. तू मार खात होतास तेव्हा मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. याला मी कुठलंही कारण जोडत नाही. हे उत्तर चार वर्षं उशिरा, कारण तुझं पत्र मी आज उलटलं. आज मी एक संगणक जोडला, माझ्या हातांनी. सुरू व्हायचा आणि पडदा काळा, सकाळपासून. मेमरीची पट्टी भीतभीत बसवली होती. मिस्त्रींचा शब्द मी अजून वाचलाही नव्हता तेव्हा तो मला सापडला, हे तुला आवडेल असं वाटतं. दाबली. चालू झाला. रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. ऐकू येत नाही तर पाटी घेऊन बसू, मला लिहून बोलायची सवय आहे. तुझा दादा.’ मी ते परत वाचलं नाही. लाल पेन्सिल बशीत पडून होती, सातव्या.

रस्त्यावर चार वाजताचं ऊन तिरपं पडलं होतं. चांभार हातोडी मारत होता, कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, आणि प्रत्येक आवाज मला वेगवेगळा, कडेसकट ऐकू येत होता. वाटेत दुकानदार शटरपाशी उभा दिसला. त्याने हात केला, काका, आणताय का मग, असं विचारलं. मी त्याला म्हणालो, “चालू झाला. दुसरा खटका राहिला होता.” तो हसला, आणि म्हणाला की सगळे तिथेच अडतात. हे मला माहीत नव्हतं. सगळे, असं म्हणाला तो.

पेटी कोपऱ्यावर होती, लाल, तोंडाशी रंग उडालेली. पाकीट फटीत घातलं आणि नेहमीप्रमाणे लगेच हात सोडला. ते आत गेलं नाही. आत कुणाचं तरी जाड टपाल अडकलं होतं आणि माझं पाकीट त्यावर अर्धं बाहेर उभं राहिलं, पत्ता वर करून. मी इकडेतिकडे पाहिलं नाही. हात मनगटापर्यंत फटीत घातला आणि ढकललं. आधी ते जाड टपाल पडलं, मग त्याच्यामागून माझं, पेटीच्या तळाशी, स्पष्ट ऐकू येईल असं.